अर्ध्या कागदाची गादी

मी नववीत होते तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतेय. आज ऐंशी ओलांडल्यावर जेवढं माहीत आहे त्याच्या दसपट तरी मला तेव्हा माहीत होतं, आणि ज्यानं विचारलेलं नाही त्यालाही थांबवून मी ते सांगत असे. घरातली मोठी माणसं मला पाहून वाट बदलत. मला वाटे, आदरानं.

महाडच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान होतं. मूळ घर पोलादपूरच्या वर डोंगरात, पण बाबा तरुणपणी खाली उतरले आणि दुकानाच्या गादीवर बसले ते बसलेच. माझा जन्म महाडातला. त्यामुळे भात म्हणजे माझ्या लेखी पातेल्यात असतो तो.

शाळेच्या वाटेवर चवदार तळं लागे. दर मार्चात तिथं लांबलांबून माणसं जमत, भाषणं होत. मी दप्तर छातीशी धरून ऐकत उभी राही. ती माणसं कशासाठी एवढ्या लांबून येत होती आणि काय सांगत होती, हे नीट समजायला मला पुढं पुष्कळ वर्षं लागली, आणि त्याची मला अजून लाज वाटते. तेव्हा तिथून मी घरी काय आणलं? तर वाक्याच्या शेवटी आवाज कसा चढवायचा, आणि मूठ नेमकी कधी आपटायची. बस्स. एवढ्या भांडवलावर मी शाळेतली सगळ्यात मोठी वक्ता झाले.

त्या वर्षी शाळेत वादविवादाला विषय होता, राब भाजणं बंद करावं की नाही. आमच्या भागात भाताची रोपं आधी जमिनीच्या एका लहान तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून खाचरात लावतात. त्या लहान तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांचं कवळ म्हणजे तोडलेल्या पानाळ फांद्या, पालापाचोळा आणि वर मातीचा थर असं रचायचं आणि पेटवून द्यायचं. हा राब. त्या भाजलेल्या जागेत पेरायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आणि तेव्हा नवं सांगणं आलं होतं जपानी भातशेतीचं: राब नको, झाडं तोडू नका, शेण जाळू नका, गादीवाफ्यावर रोपं वाढवा. जो तो यावर बोलत होता. मी तर बोलणारच.

माझा पुरावा दुकानातल्या रद्दीत सापडला. रद्दीच्या पुड्या बांधायचं काम माझ्याकडे असे, आणि पुडी बांधण्याआधी कागद वाचायची मला खोड. त्या दिवशी हाताला जपानी शेतीचं एक पत्रक लागलं. म्हणजे अर्धं पत्रक. खालचा अर्धा मीच थोड्या वेळापूर्वी, न वाचता, हिंगाच्या पुडीला वापरला होता आणि गिऱ्हाईक तो घेऊन केव्हाच गेलं होतं. वरच्या अर्ध्यात राब का नको ते होतं, जमीन भुसभुशीत करा, गादीवाफे करा असं होतं, आणि शेवटचा शब्द होता 'वाफ्याची'. त्यापुढं कागद फाटलेला. बाजूला चित्र होतं, तेही अर्धंच. वरून पाहिल्यासारखे लांबट चौकोन आणि त्यांच्या कडेनं रेघा. ते चौकोन जमिनीच्या वर आहेत की आत, हे कळायला मार्ग नव्हता. मला तशी शंकाही आली नाही.

कारण गादी म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरात पाहुण्यांसाठी एक कापसाची गादी होती. वर्षानुवर्षं वजनदार पाहुणे झोपून ती मधे अशी खोलगट झाली होती की झोपणारा कुठल्याही कडेला आडवा झाला तरी घरंगळत मधेच येई. तेव्हा गादीवाफा म्हणजे मऊ, खोलगट, कडेनं उंच. झालं! वाफ्याची काय ते फाटलेलं वाक्य मी मनातल्या मनात पुरं करून टाकलं. स्वतःचे बाबा रोज सकाळपासून दुकानात उंच गादीवर बसलेले दिसत होते, गिऱ्हाईक खाली आणि बाबा वर, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

स्पर्धा मी जिंकले. ‘‘जो राब भाजतो तो आपलंच रान भाजतो!’’ या वाक्यावर टाळ्या पडल्या. विरुद्ध बाजूची मुलगी बिचारी हळू आवाजात विचारत होती, राबामुळे तण कमी येतं म्हणतात, त्याचं काय? मी म्हटलं, ‘‘तण काढायला आपल्याला देवानं हात दिलेत!’’ पुन्हा टाळ्या. माझ्या हातांनी तोवर कोथिंबीर सोडून काही निवडलेलं नव्हतं.

हे सगळं शाळेपुरतं राहिलं असतं तर आज त्याचं काही वाटलं नसतं. पण शिमग्याला बाबांबरोबर मी आत्याकडे गेले.

आत्याचं गाव पोलादपूरच्या वर, एसटी सोडून तासभर चालायचं. तिचे यजमान मुंबईला गिरणीत. घरची शेती तिचे धाकटे दीर बघत. त्यांना मी काका म्हणे. पण नदीकडचं एक खाचर असं होतं की जे आत्याच्या मतानं चाले. कुठलं बी पेरायचं, केव्हा लावायचं, ते ती ठरवी. यजमानांनी मुंबईला जाताना चार माणसांसमोर तसं सांगून ठेवलं होतं. गावात दुसऱ्या कुठल्या बाईच्या शब्दावर नांगर चालत नसे, त्यामुळे आत्याच्या त्या एवढ्याशा तुकड्याकडे सगळ्या गावाचं लक्ष.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या डोंगरावरून कवळाचा भारा घेऊन उतरत होती. भारा एवढा मोठा की खालून फक्त तिचे पाय दिसत होते. अंगणात तो टाकून तिनं मान एका हातानं धरली आणि हळूहळू फिरवली, बिजागरी गंजलेलं दार फिरवतात तशी.

‘‘दुखते का गं आत्या?’’

‘‘दुखंल नाय तर काय. फाल्गुन-चैत हिच्यावरच जातो.’’ ती मानेकडं बोट दाखवून म्हणाली. ‘‘तुझं बरं हाय गो. तुझ्या मानेवर नुसतं डोकं.’’

मी तिथंच अंगणात उभी राहून तिला माझं भाषण म्हणून दाखवलं. मुठीसकट, देवानं दिलेल्या हातांसकट. आत्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘‘म्हंजे कवळ आणायलाच नको?’’

‘‘एकही भारा नको.’’

तिच्या तोंडावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. कुणाला कैद माफ झाली की येत असेल तसं काहीतरी. तेव्हाच मला चिमटा बसायला हवा होता. पण मी टाळ्यांची सवय लागलेली पोर. मला वाटलं, माझं वक्तृत्व पोचलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर हा विषय निघाला. शिमग्याला मुंबईहून आलेली मंडळी होती, ती म्हणत, आता सगळं सायंटिफिक झालं पाहिजे. गावातली म्हणत, मुंबईत बसून शेती सोपी असते. आत्या बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, ‘‘मी यंदा नदीकडल्या खाचराला राब भाजनार नाय.’’

काकांनी तंबाखू मळायची थांबवली.

‘‘वहिनी, कुणी सांगितलं तुमाला?’’

आत्यानं मला पुढं ढकललं. मी बोलले. पारावर मारुतीच्या साक्षीनं बोलले. रानाबद्दल बोलले, शेणाबद्दल बोलले, जपानबद्दल तर असं बोलले की जणू आमचं आजोळ तिथलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

‘‘तू ह्यो वाफा डोळ्यानं बघलायस काय गो?’’

इथं ‘नाही, वाचलंय’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन शब्द. पण भरलेल्या पारावर दोन शब्द म्हणजे माघार. मी म्हटलं, ‘‘हो. बघितलाय.’’

‘‘कुठं?’’

‘‘महाडला. नदीपलीकडं.’’

खोटं बोलताना मी जागेचा पत्तासुद्धा दिला, ही माझी तेव्हाची तयारी.

काका आत्याकडं वळले. ‘‘बरं. नका भाजू. पन रोप गेलं तर पुढल्या सालापासनं ता खाचर मी बघीन. पेरनीपासनं झोडनीपर्यंत. मग मधी बोलायचं नाय.’’

‘‘नाय बोलनार,’’ आत्या म्हणाली.

पारावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. म्हणजे ते ठरलं.

मे महिन्यात मी चार दिवस जाऊन तो वाफा करवून घेतला. करवून घेतला म्हणजे मी बांधावर फाटका कागद हातात धरून उभी आणि आत्या उन्हात खणतेय. ढेकळं फोडली, माती मऊ केली, आणि मग मी सांगितलं तशी मधली माती काढून कडेला बांध घातला. चार बोटं खोल. पाहुण्यांच्या गादीसारखा झाला तेव्हा माझं समाधान झालं. आत्यानं मात्र त्या मऊ मातीत हात घातला.

‘‘पाणी कुठनं जाईल गो ह्यातलं?’’

‘‘जायला कशाला हवं? भाताला पाणी लागतंच की.’’

‘‘मोठ्या भाताला. पोराला नाय.’’ मग तिनं हात झटकला. ‘‘पन तू बघलंयस.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला पहिल्याइतका त्रास होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळा सुरू झाली, पाऊस लागला आणि मी ते विसरूनही गेले. तीन आठवड्यांनी आत्याच्या गावचा एकजण दुकानात आला. तेल घेतलं, मीठ घेतलं आणि जाता जाता बाबांना म्हणाला, ‘‘तुमच्या ताईचं आवण कुजलं.’’ आवण म्हणजे लावणीची रोपं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. जेवताना फक्त म्हणाले, ‘‘रविवारी वर जायचंय.’’

वाफा मी लांबूनच ओळखला. आजूबाजूला सगळ्यांच्या राबांवर हिरवीगार रोपं उभी, आणि मधे आत्याचं ते तळं. मेथी भिजत घालून विसरावी तसा त्यावर पिवळा बुळबुळीत थर आणि तसाच वास. आत्या इरलं डोक्यावर घेऊन बाजूला उभी होती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, ‘‘भिजू नकोस, पडवीत चल. ग्रामसेवक आलेत.’’

काकांच्या पडवीत आठ-दहा माणसं बसली होती. लावणीचे दिवस, पण पाऊस असा होता की बैलही गोठ्याबाहेर यायला तयार नव्हते. ग्रामसेवक नवीन होते. गुडघ्यापर्यंत चिखल, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. वरंधकडची गावं करून आले होते. पुढच्या वर्षी जपानी पद्धत करून बघायला कोण तयार आहे, त्यांची नावं ते लिहून घेत होते.

‘‘नावं कशाला?’’ काका म्हणाले. ‘‘आमच्याकडं करून झालीय. जा, नदीवर जाऊन बघा. जपानी पद्धतीनं रोप कुजतं. कुनाचं नाव घालनार आता?’’

माणसांनी माना हलवल्या. आणि त्यात एकाचीही चूक नव्हती. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, माझ्यासारखं नव्हे. कुजलेलं रोप त्यांच्यासमोर होतं. फक्त ते ज्या पद्धतीचं म्हणून पाहत होते तिचं ते नव्हतंच.

ग्रामसेवक गोंधळून आत्याकडं बघायला लागले. आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘माझंच चुकलं असंल. मी पाणी काढायला हवं व्हतं.’’

ती मला झाकत होती. खाचर जाणार होतं, गावात हसं होणार होतं, पुढच्या फाल्गुनात पुन्हा भारे वाहायला लागणार होते, आणि ती भाचीची लाज राखत होती. मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं आणि दुसरीकडं पाहायला लागले. म्हणजे आता तूच बघ.

मी म्हटलं, ‘‘मी बघितला नव्हता वाफा.’’

आवाज चढला नाही. मूठही आपटली नाही. त्यामुळे कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

‘‘काय?’’ काका म्हणाले.

‘‘महाडला मी काही बघितलं नव्हतं. पत्रकात वाचलं होतं. अर्ध्या पत्रकात. उरलेल्या अर्ध्याची पुडी झाली होती.’’

‘‘कसली पुडी?’’

‘‘हिंगाची.’’

मग कोपऱ्यातला एक म्हातारा खुदकन हसला, आणि मग सगळी पडवीच हसायला लागली. बाबासुद्धा. काका सगळ्यात शेवटी हसले, पण हसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘म्हंजे जपान्यांनी नाय कुजवलं,’’ डोळे पुसत ते म्हणाले, ‘‘महाडकरांनी कुजवलं!’’

ग्रामसेवकांनी पिशवीतून अख्खं पत्रक काढलं आणि वाचायला लागले. वरचा अर्धा मला पाठ होता. त्यांच्याबरोबर मी मनात म्हणत गेले, आणि ‘वाफ्याची’पाशी येऊन श्वास धरला. पुढचा शब्द होता ‘उंची’. वाफ्याची उंची! चार बोटं वर उचललेला वाफा, कडेनं पाणी जायला चर, म्हणजे रोप जाडजूड होतं आणि उपटताना मुळं तुटत नाहीत. माझी चार बोटं अंदाजानं बरोबर निघाली म्हणायची, फक्त दिशा उलटी. तो एक शब्द महाडात कुणाच्या तरी फोडणीजवळ जाऊन पडला होता.

मग काकांनी विचारायला सुरुवात केली, आणि मला कळलं की हा माणूस राबाच्या बाजूनं का बोलत होता ते मी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. राब भाजला की तणाचं बी जळतं, ते गादीवर कसं जळणार? ग्रामसेवक म्हणाले, नाही जळणार, निंदावं लागेल. इथं पाऊस असा कोसळतो, उंच केलेली माती वाहून गेली तर?

‘‘ते मला माहीत नाही,’’ ग्रामसेवक म्हणाले. ‘‘मी देशावरचा. एवढ्या पावसात मी अजून करून बघितलेलं नाही. विचारून सांगतो.’’

मी डोळे मिटून घेतले. आता हसतील याला, असं वाटलं. पिशवीवाला, शिकलेला, पगारी माणूस, आणि भरल्या पडवीत म्हणतो मला माहीत नाही! कुणी हसलं नाही. काकांनी पानाचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. मी पारावर एवढं बोलले होते, मला कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आत्या दारातून बोलली. ‘‘निंदायला बाया किती लागतील, किती दिस? आनि राबाला कवळ, शेन आनायला किती दिस जातात, ता कुनी धरलंय का हिशोबात?’’

ग्रामसेवकांनी पत्रक उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. नव्हतं त्यात. त्यांनी पेन्सिल काढून ते समासात लिहून घेतलं. माझ्या भाषणातही नव्हतं, आणि राबाची बाजू घेणाऱ्यांच्या बोलण्यातही नव्हतं. एवढे महिने आम्ही सगळे रान आणि राख आणि जपान करत होतो, आणि जिच्या मानेवर ते सगळं उतरत होतं तिला कुणी विचारलं नव्हतं.

‘‘ता सगळं खरं,’’ काका म्हणाले, ‘‘पन वहिनी, बोलनं झालंय. रोप गेलं. खाचर माझ्याकडं.’’

‘‘बोलनं गादीवर झालं व्हतं भावजी,’’ आत्या म्हणाली. ‘‘गादी झालीच कुठं? तो तर खड्डा व्हता. गादी अजून व्हायची हाय.’’

मघाशी हसला होता तो म्हातारा मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘‘घ्या! आता द्या उत्तर!’’ काकांनी पानाचा डबा मागं ओढला. मग म्हणाले, ‘‘एक साल. एकच. आनि ह्या भाषनवालीला बांधावर उभी करायची नाय.’’

त्या वर्षी काकांच्या उरलेल्या आवणावर आत्याचं खाचर लागलं. उशिरा लागलं, पण लागलं. लावणीला मीही वाकले, दीड दिवस. दीड दिवसानं मला उभं राहता येईना, तेव्हा देवानं दिलेल्या हातांबद्दलचं माझं वाक्य आत्यानंच मला म्हणून दाखवलं. तिला ते पाठ होतं.

पुढच्या शिमग्याला निरोप आला: वही घेऊन ये, तोंड घरी ठेव. मी वही घेऊन गेले. आत्यानं तिच्या राबाच्या जागेचे दोन भाग केले, एकावर राब, एकावर उंच गादी. मी फक्त लिहायचं. सुट्टीत मी लिहिलं, मी नसताना आत्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढी आणि आले की मी त्या वहीत उतरवून घेई. कवळाचे भारे किती, शेणाच्या पाट्या किती, निंदायला सकाळी किती जणी बसल्या. पहिल्यांदाच मी असं काही लिहीत होते की ज्याचा शेवट मला आधी ठाऊक नव्हता. फार अवघड वाटलं. मधेच एक ओळ सुंदर करायचा मोह व्हायचा. आत्या अक्षरओळख नसूनही ओळखायची. ‘‘लांब लिवलंस. भारे सातच व्हते. सात लिव.’’

काका खरे ठरले: एका आडव्या पावसात गादीचा एक कोपरा वाहून गेला आणि तणही राबापेक्षा पुष्कळ आलं. ग्रामसेवकही खरे ठरले: गादीवरचं आवण उपटताना मुळं तुटेनात, रोप जाडजूड. आणि आत्या खरी ठरली. भारे वाहण्यात फाल्गुन आणि चैत्र जायचा. निंदणीला काही सकाळी गेल्या, त्याही बसून, गप्पा मारत. तिघंही खरी आणि तिघांचंही खरं वेगवेगळं. सगळ्यात खोटी ठरले मी, जी एकटीच सगळं ठामपणे बोलले होते.

काका दोन्ही वाफ्यांमधे उभे राहिले. म्हणाले, ‘‘राब वाईट नाय.’’

‘‘कोन म्हनतं वाईट?’’ आत्या म्हणाली, आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीत डोकं घातलं.

शाळेत त्या वर्षी पुन्हा स्पर्धा झाली. गावात विजेचे दिवे आल्यानं फायदा की तोटा, असा काहीतरी विषय होता. मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, की यातलं अमुक मी पाहिलंय, तमुक फक्त वाचलंय आणि बाकीचं मला माहीत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. बक्षीस मिळालं ते विजेच्या उजेडात डोळे वर्षभरात जातात असं मूठ आपटून सांगणाऱ्या मुलीला. ती पुढं साठ वर्षं विजेच्या उजेडात सुईत दोरा ओवत होती, चष्म्याशिवाय. आमची चांगली मैत्री होती. आता घरात नातवंडं मोबाईलवर आलेलं काहीबाही हातवारे करून सांगायला लागली की मी फक्त विचारते, वरचा अर्धा वाचलास की खालचा? ती म्हणतात, आजी, काय पुडी सोडतेस. मी म्हणते, अनुभव आहे.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मी आत्याकडे होते. तिनं तण जास्त आलं होतं त्या कोपऱ्यावरच थोडा राब भाजला, म्हणजे भारे मोजकेच, आणि त्या भाजलेल्या मातीची गादी उचलली. वाहून गेलेल्या बाजूला निरगुडीच्या काठ्यांची कड घातली. हे कुठल्याच पत्रकात नव्हतं, अर्ध्यात नाही आणि अख्ख्यातही नाही. ग्रामसेवक ते बघायला मुद्दाम आले आणि वाकून, वीत लावून, वहीत काढून घेऊन गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी काका बैल घेऊन आपल्या राबाच्या जागेवर आले. ती जागा आत्याची नव्हती, त्यांची होती. नांगर टेकवला, पण हाकला नाही. बैल शेपट्या हलवत उभे. काकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि मग बांधापलीकडं उभ्या असलेल्या आत्याला हाक मारली.

‘‘वहिनी, गादीला कुठनं धरू? वरच्या अंगानं की खालच्या?’’

आत्या पदर खोचून बांध ओलांडून गेली. वाकून जमिनीचा उतार पाहिला, एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि हात लांब करून वरचा कोपरा दाखवला. काकांनी बैल तिकडं वळवले.

मी बांधावरच होते. मला कुणी काही विचारलं नाही. आणि मीही काही सांगितलं नाही, जे त्या बांधावर माझ्या हातून कुणी न बजावता पहिल्यांदाच घडत होतं.